पारोशी मोटार

मी मोजले होते, म्हणून आकडे देते. चाकणच्या वेशीबाहेर, नाशिक रस्त्याला लागून असलेल्या पटांगणात त्या सकाळी नऊ मालमोटारी, चार भाड्याच्या मोटारी आणि लष्कराच्या लिलावातली एक जीप उभी होती. माणसे दोनशे चाळीसच्या आसपास, त्यांत बायका साठ. फुटलेल्या नारळांच्या करवंट्यांचे ढीग तीन. पेट्रोल गळणाऱ्या टाक्या सहा. या सहांपैकी एकाही टाकीला त्या दिवशी पान्हा लागला नाही, हातोडी लागली नाही, की कथलाचा डाख लागला नाही. लागले ते भस्म.

साल १९५५. ऑक्टोबर नुकता लागला होता आणि पाऊस उघडला होता. मी मूळची आकुर्डीची. पुण्याला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि जूनपासून चाकणच्या शाळेत शास्त्र शिकवू लागले. गाव मला ‘शास्तराच्या बाई’ म्हणे. आमचे मुख्याध्यापक नानासाहेब यांनी त्या दिवशी सकाळच्या दोन तासिका रद्द करून सारी शाळा पटांगणात नेली होती. नानासाहेब बी.ए., बी.टी. आहेत, हे येथे नोंदवून ठेवते.

मध्यभागी मृगाजिनावर बंधनबाबा बसले होते. वय पन्नाशीचे, दाढी काळीभोर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. आवाज मात्र बाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा.

“पेट्रोल म्हणजे काय रे?” बाबांनी विचारले.

“गाडीचं रगात, म्हाराज!” ड्रायव्हर मंडळी ओरडली.

“आणि रगात गळतं कधी?”

उत्तर बाबांनीच दिले.

“शत्रूची नजर लागते तेव्हा! टाकी गंजली म्हणतो मेस्त्री. अरे, लोखंड गंजतं, ते का गंजतं? त्याच्यात बाधा शिरते! मेस्त्री भोक बुजवील, बाधा कोण बुजवील?”

“तुमीच, म्हाराज!”

पहिला मान मालोजीचा होता. मालोजी म्हणजे चाकण ते खेड आणि चाकण ते पुणे भाड्याची मोटार चालवणारा, पस्तिशीचा, उमद्या मनाचा आणि कर्जाने नव्हे तर कष्टाने गाडी घेतली याचा अभिमान असलेला माणूस. गाडी अडतीस सालची. मागच्या बाजूला, बुडाशी टाकी, आणि टाकीच्या सांध्याजवळ गंजून पडलेले टाचणीच्या डोक्याएवढे भोक. मी वाकून पाहिले आणि घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चौतीस थेंब.

बाबा उताणे होऊन गाडीखाली शिरले. झोळीतून पिवळसर राखाडी गोळा काढला, त्याचा लिंबाएवढा तुकडा तोडला आणि भोकावर अंगठ्याने दाबून, चोळून बसवला. तोंडाने चालूच होते.

“ॐ ऱ्हीं क्लीं टाकीं बंध बंध, नळीं बंध बंध, धारां स्तंभय स्तंभय स्वाहा!”

‘टाकी’ या शब्दाची ही विभक्ती मला शाळेत कोणी शिकवली नव्हती. पण थेंब थांबला. हे मी नाकारणार नाही. मी पुन्हा घड्याळ लावले. पाच मिनिटांत एकही थेंब नाही.

“बोला, बंधनबाबा महाराज की...!”

‘जय’ इतका मोठा झाला, की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

मग बाबांनी मालोजीला बॉनेट उघडायला लावले. पेट्रोल टाकीकडून इंजिनापर्यंत लोखंडी नळीतून येते, पण इंजिन हलते म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबराचा असतो. मालोजीच्या गाडीतले हे रबर कधीचे होते कोण जाणे. वाळलेल्या काकडीसारखे ते भेगाळले होते आणि भेगांतून ओल दिसत होती. बाबांनी त्यावर सुती काळा दोरा अकरा वेढे देऊन गुंडाळला, वर भस्म चोळले आणि म्हणाले, “नळी बांधली. आता ही शंभर वर्षं फुटत नाही.”

“पण एक नेम आहे,” बाबांनी हात वर केला. “एक महिना गाडीला पाणी लागता कामा नये. पाण्याचा थेंब लागला, की बंधन सुटलं. मग येईल ते संकट तुमचं.”

मी पुढे झाले. “महाराज, पाणीच का?”

“पाणी शक्ती शोषून घेतं, बाळ.”

“मग पावसाळ्यात कसं करता?”

“पावसाळ्यात आम्ही मौनात असतो.”

लोक हसले. बाबांना नव्हे, मला. नानासाहेब कानाशी येऊन म्हणाले, “बाई, हा काही तुमचा वर्ग नाही. सगळीच उत्तरं पुस्तकात नसतात.”

गाडीखाली पडलेला भस्माचा सुपारीएवढा तुकडा मी उचलला, रुमालात बांधला आणि शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. तपासायचा होता. पण सहामाही परीक्षा आली, पेपर आले, आणि तो तीन आठवडे तसाच पडून राहिला. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेले नाही.

खंडेनवमीला गावात शस्त्रे, अवजारे आणि मोटारी पुजतात. मालोजी पहाटेच झेंडू आणि आपट्याची डहाळी आणायला गेला होता. घरी त्याची बायको मंजुळाबाई. अंगणात गाडी उभी होती. तीन आठवडे पाणी न लागल्यामुळे तिच्यावर धुळीचा थर बसला होता, चाकांना शेण होते. मालोजीने बजावले होते, की गाडी धुवायची नाही, नुसती फुले वाहायची. पण मंजुळाबाईंना ते पटेना. पुढे दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, “बाई, देव बी आंघुळ घातल्याबिगर पुजत न्हाईत. पारोशा गाडीला कुक्कू लावायचं? लोक काय म्हनतील?” त्यांनी आडाच्या पाण्याच्या सहा घागरी ओतल्या आणि नारळाच्या शेंडीने गाडी वरून-खालून, आडवे पडून, मनोभावे धुतली.

मग मागच्या चाकापाशी रांगोळी काढली, ताटात निरांजन लावले, गाडीला ओवाळले आणि ताट चाकाजवळ जमिनीवर ठेवून नमस्काराला वाकल्या.

अंगणात गाडीखाली पाण्याचे डबके साचले होते. त्या डबक्याला आग लागली.

हे शब्द माझे नाहीत. शेजारच्या तीन बायकांनी वेगवेगळे सांगितले आणि तिघींनी हेच सांगितले, की पाणी पेटले. निळी-पिवळी ज्वाळा पाण्यावरून चटईसारखी पसरली. मंजुळाबाईंनी पहिल्यांदा काय केले असेल? पूजेचे ताट पेटत्या डबक्यातून ओढून काढायला उजवा हात घातला. एवढ्यात मालोजी फाटकातून आत आला आणि त्याने जे कोणीही करील तेच केले. बादलीभर पाणी आगीवर फेकले. आग विझली नाही, उलट त्या पाण्यावर चढून मंजुळाबाईंच्या पायांपर्यंत आली.

समोरच्या बाजूला शफीभाईंचा मोटारदुरुस्तीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. ते घमेले घेऊन धावत आले. “पाणी नको! माती टाका, माती!” म्हणत त्यांनी पाच-सहा घमेली वाळू आणि माती डबक्यावर, चाकावर, टाकीखाली ओतली. आग मेली. मग त्यांनीच मंजुळाबाईंना चादरीत गुंडाळून लिलावातल्या त्या जीपमधून खेडच्या सरकारी दवाखान्यात नेले. उजवा हात कोपरापर्यंत, डावा तळवा आणि दोन्ही पावले भाजली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोने वाटायला लोक बंधनबाबांकडे गेले. मालोजीही गेला. माणूस मोडून गेला होता. त्याने पाय धरले.

बाबांनी डोळे मिटले. “पाणी कोणी लावलं?”

“बायकोनं, म्हाराज.”

“नुसतं पाणी पेटत नाही, मालोजी. पाणी कधी पेटलेलं ऐकलंस? ते पेटलं, कारण ज्या हातानं ओतलं त्या हाताला विटाळ होता. विटाळशीचा हात बंधनाला लागला.”

“म्हाराज, न्हाई वो...”

“तू बाहेर होतास. तुला काय ठाऊक? तिनं लपवलं. तिला पुन्हा घरात घेतलीस, तर या खेपेला मोटार पेटली, पुढच्या खेपेला घर पेटेल. कोजागिरीच्या आत तिची पेटी माहेरी पोचव.”

दसऱ्याच्या संध्याकाळी मालोजीने बायकोची पेटी अंगणात काढून ठेवली. भाजलेल्या बाईचे माहेर चिखलीला. भाऊ शनिवारी येऊन पेटी नेणार, आणि दवाखान्यातून बाई परस्पर तिकडेच जाणार, असे ठरले. मी नानासाहेबांकडे गेले आणि म्हणाले, “सर, तुम्ही मालोजीशी बोला. तुमचं ऐकेल.”

नानासाहेब चहात खारी बुडवत म्हणाले, “घरगुती बाब आहे, बाई. आणि पाणी पेटलं हे खरं ना? त्याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे?”

ते उत्तर मला अजून शोधायचे होते. पण मला त्या क्षणी त्या चहाच्या कपाचा इतका राग आला, की तो आज लिहितानाही गेलेला नाही.

गुरुवारी एष्टीने मी खेडला गेले. मंजुळाबाईंचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. पेटीची बातमी त्यांना आधीच पोचली होती.

“बाई,” त्या म्हणाल्या, “विटाळ न्हवता. आठ दिस झालं होतं न्हाऊन. पन आता कोन इचारतंय?”

“मी विचारते. मला सगळं पहिल्यापासून सांगा. गाडी धुताना काय काय पाहिलंत?”

त्या सांगत गेल्या. सहा घागरी. नारळाची शेंडी. टाकीखाली हात घालून चोळले, शेण निघेना म्हणून पुन्हा चोळले. “अन् फेस आला मातुर.”

“फेस?”

“व्हय. टाकीखाली. पांढरा फसफशीत. लुगडं धुताना येतो तसा. म्या म्हनलं, देवाचा परताप.”

“तुम्ही साबण लावला होता?”

“छ्या! गाडीला साबन? घरात दोनच वड्या हायेत, त्या पोराच्या सदऱ्याला.”

मी उठून उभी राहिले. पाण्यात विरघळते, पेट्रोलात विरघळत नाही आणि फेस देते, अशी वस्तू प्रत्येक घराच्या न्हाणीघरात असते. तीन आठवडे ती माझ्या कपाटात, माझ्याच रुमालात बांधलेली होती. वर्गात मी मुलांना ‘साबण कसा बनतो’ हा धडा शिकवला होता आणि वीस पावलांवर तो गोळा पडलेला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडले. गोळ्याचे दोन समान तुकडे केले, प्रत्येकी चार ग्रॅम. एक पाण्यात टाकून ढवळला. दहा मिनिटांत पाणी दुधाळ झाले, परीक्षानळी हलवल्यावर बोटभर फेस आला. त्यात लिंबू पिळले, तर फेस बसला आणि पांढऱ्या चरबीच्या गुठळ्या वर तरंगल्या. साबणात आम्ल टाकले की असेच होते. तळाशी राख आणि हळद बसली. वास कापराचा, म्हणजे साबणाचा वास मारायला घातलेला. दुसरा तुकडा पेट्रोलात ठेवला, शनिवारी सकाळी काढून वाळवला आणि वजन केले. चार ग्रॅम.

मग शफीभाईंकडे गेले. ते खड्ड्यात उतरून कुठल्याशा ट्रकचा ब्रेक बघत होते.

“शफीभाई, टाकी गळत असेल तर साबण लावतात का?”

ते वर न बघताच म्हणाले, “लावतात की. रस्त्यात अडकलं की साबण घासायचा, अन् गाडी घरी आणायची. घर गाठण्यापुरतं, बाई. मग टाकी उतरवायची अन् डाख द्यायचा. माझ्या वालिदांनी शिकवलं. प्रत्येक क्लीनरला ठाऊक असतं.”

“मग बंधनबाबांचं भस्म...”

आता ते वर आले. त्यांनी फडक्याला हात पुसले. “मला पहिल्या दिवशी शक आला होता. त्या बाबाच्या नखांत ग्रीस आहे, ते साबणानंही जात नाही. कधीतरी गाडीवर क्लीनर असणार तो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो. मालोजीभाऊ म्हणाले, ‘शफी, तुझा धंदा बुडतोय म्हणून बोलतोस.’ आणि बाई, धंदा खरंच बुडत होता. मग पुढं काय बोलणार?”

मी म्हणाले, “आज बोलाल?”

“तुम्ही बोला. मी सामान आणतो.”

शनिवार चाकणच्या बाजाराचा दिवस. अकरा वाजता पटांगण भरले होते. मंजुळाबाईंचा भाऊ पेटी चढवलेली बैलगाडी घेऊन आला होता आणि मालोजी त्याच्याकडे न बघता बाबांसमोर बसला होता. मी गेले ती एक पितळी परात, पाण्याची कळशी आणि शाळेची एक लांब काचनळी घेऊन. शफीभाईंनी पेट्रोलची छोटी बाटली आणली आणि वाळूचे घमेले शेजारी ठेवले.

“महाराज,” मी हात जोडले, “एक शंका आहे. पाणी विटाळानं पेटतं ना?”

“निःसंशय.”

“आणि शुद्ध हातानं ओतलं तर?”

“शुद्ध हातानं पाणी थंड राहतं. गंगा पेटली कधी?”

“मग या गावात सगळ्यांत शुद्ध हात कोणाचे?”

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. माणसे ओळखण्यात ते तरबेज होते. “शालनमातेचे!” ते नानासाहेबांकडे बघून म्हणाले. “असं सोवळं पंचक्रोशीत नाही.”

शालनबाई म्हणजे नानासाहेबांची पत्नी. त्यांच्या सोवळ्याला गाव दचकून असते. ओलेत्याने स्वयंपाक, दुसऱ्याच्या हातचे पाणी नाही. स्तुतीने त्या पुढे आल्या. मी कळशी त्यांच्याच हाती दिली. त्यांनी परातीत पाणी ओतले. बाबा प्रसन्न हसत होते.

शफीभाईंनी सगळ्यांना दहा पावले मागे सारले. मी काचनळीने परातीच्या एका कडेला पेट्रोलचे वीस थेंब सोडले. थेंब बुडाले नाहीत. पाण्यावर रंगीत साय धरली आणि ती सरकत सरकत पलीकडच्या कडेला गेली.

“हे बघा,” मी म्हणाले, “पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आहे. ते पाण्यावर तरंगतं आणि पसरतं. खंडेनवमीला भस्म धुऊन गेलं, टाकी पुन्हा गळू लागली आणि पेट्रोल डबक्यावरून असंच निरांजनापर्यंत गेलं.”

शफीभाईंनी लांब काठीला बोळा बांधून पेटवला आणि शालनबाईंच्या हाती दिला. “वहिनी, लांबूनच. पलीकडच्या कडेला लावा.”

भक्कन आवाज झाला. परात पेटली. निळी-पिवळी ज्वाळा पाण्यावर नाचत राहिली. शफीभाईंनी वाळू ओतली. आग गेली.

पहिल्या बोलल्या त्या शालनबाईच. आवाज चढलेला होता. “म्हणजे मलाही विटाळ का हो, महाराज? पहाटे चारला न्हाऊन आलेय मी!”

कोणीतरी फिसकन हसले. नानासाहेब म्हणाले, “अहो, जरा...” त्यावर शालनबाई त्यांच्याकडे वळल्या, “तुम्ही गप्प बसा! त्या बाईची पेटी अंगणात पडली होती आणि तुम्ही चहा पीत होतात!”

बाबा उठले. “ही जादू आहे! बाईनं चेटूक केलं!”

“जादूच करायची, तर तुमच्याच भस्माची करू,” मी म्हणाले. बाबांच्या पाटावर ठेवलेल्या गोळ्यांतला एक मी उचलला आणि बाजाराला आलेल्या बायकांकडे गेले. “कोणाचं मळकं फडकं आहे?”

एका भाजीवालीने तोंड पुसायचे फडके दिले. मी ते कळशीत भिजवले, गोळा तिच्याच हाती दिला. तिने सवयीने दोनदा घासला आणि थांबली. हात वर केला. मनगटापर्यंत फेस होता.

“आगं बया,” ती म्हणाली, “ह्यो तर साबन हाय की!”

ते फडके हातोहात फिरले. साठ बायकांनी वास घेतला, बोटांत फेस चुरडला. रोज आडावर कपडे धुणाऱ्या बायकांना साबण ओळखायला बी.एस्सी. लागत नाही. “राख घातलीया नुसती.” “हळद बी हाय.” “चार आण्याची वडी अन् म्हनं बंधन!” आणि मग त्या हसू लागल्या. पुरुष ओरडले असते, तर बाबांनी त्यांना शाप दिला असता. हसणाऱ्या बायकांना शाप देता येत नाही.

एक ड्रायव्हर ओरडला, “म्हाराज, बोला की!”

बंधनबाबांनी डोळे मिटले आणि तोंडावर बोट ठेवले. मौन सुरू झाले होते.

मालोजी तसाच बसून होता. “मंग... तिची चूक न्हवती?”

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. “तिनं गाडी धुतली, मालोजी. गळणारी टाकी साबणानं झाकून तीन आठवडे माणसं वाहिलीत ती तुम्ही. चूक कोणाची ते मोजा. आणि बॉनेट उघडून तो काळा दोराही बघा. नळीच्या भेगांतलं पेट्रोल पिऊन तो ओला झाला असेल. पणतीत वात असते ना, तशी वात तुम्ही गरम इंजिनाशेजारी बांधलीत. अंगणात मागून आग लागली म्हणून वाचलात. घाटात पुढून लागली असती, तर गाडीत पाच प्रवासी असते.”

तो उठला, घरच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे गेला आणि दोरा हाताने तोडून घेऊन आला. पिळला. बोटे ओली झाली. वास घेतला. मग बैलगाडीतली पेटी खांद्यावर घेऊन घराकडे चालू लागला. भाऊ मागून विचारत राहिला, “दाजी, मी काय करू?” “जेवायला ये,” मालोजी म्हणाला.

बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या एष्टीने गेले. ज्या सहा गाड्यांच्या टाक्या त्यांनी ‘बांधल्या’ होत्या, त्यांतल्या एकीतूनही नाही. त्यांना कोणी अडवले नाही, फौजदाराकडे कोणी गेले नाही. नारायणगावाकडे एक नवे महाराज आले आहेत, ते ट्रकच्या रेडिएटरची गळती मंत्राने थांबवतात, असे पुढे कानावर आले. रेडिएटरची बारीक भोके हळदीने तात्पुरती बुजतात, तेव्हा हळद तिथेही असणारच.

मंजुळाबाई नोव्हेंबरच्या अखेरीला दवाखान्यातून निघाल्या. मालोजी त्यांना न्यायला एष्टीने गेला, कारण त्यांनी निरोप धाडला होता, “त्या गाडीत मी बसनार न्हाई. आदी बघनार.” म्हणून उतरल्या त्या थेट शफीभाईंच्या कारखान्यावर. मीही तिथेच होते.

शफीभाईंनी टाकी उतरवलेली होती. रिकामी करून, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने तीनदा खळबळून, मग भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून त्यांनी डाख दिला होता. “रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट,” ते मंजुळाबाईंना समजावत होते. “आत पेट्रोलची वाफ असते, ताई. डाखाचा तापलेला खिळा लागला तर बॉम्ब. म्हणून आत पाणी ठेवून काम करायचं.” गंजलेला भाग त्यांनी खरवडून बोटाने दाखवला, वर पितळेचे ठिगळ दाखवले. रबराची नळी फेकून पुण्याहून नवी आणली होती, पेट्रोलसाठी बनवलेली, दोन्ही टोकांना घट्ट पट्ट्या.

“आता कसं कळनार, गळत न्हाई ते?” मंजुळाबाईंनी विचारले.

शफीभाईंनी टाकीची तोंडे बंद केली, एका तोंडाला सायकलचा पंप जोडला आणि टाकी पाण्याच्या हौदात पूर्ण बुडवली. चार दट्टे हवा भरली. “बुडबुडा आला की भोक. बसा, ताई. तुम्हीच मोजा.”

मंजुळाबाई हौदाच्या कडेला बसल्या. मालोजी मागे उभा राहिला. अर्धा तास त्यांनी पाण्यावरून नजर हलवली नाही. मी घड्याळ धरले होते. बुडबुडे, एकही नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “बसवा.” आणि नवऱ्याकडे वळून, “तू बी बघितलंस न्हवं? का पुन्यांदा कुनाला तरी इचारनार?”

“बघितलं,” मालोजी म्हणाला.

हे वाचणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्याकडे मोटार असेल, ट्रक असेल, किंवा तुम्ही नुसते भाडे देऊन बसणारे असाल, तर गाडीखाली वाकून बघा. ओल दिसली, वास आला, तर गाडी बंद करा आणि मेस्त्रीकडे जा. रबराची नळी बोटांनी वाकवा. भेग दिसली, किंवा दाबल्यावर ती फुगल्यासारखी मऊ लागली, तर बदला, मग वर कोणी दोरा बांधो की सोन्याची तार. कोणी म्हणाले, पाणी लावू नका, तर विचारा, का. कोणी म्हणाले, अमक्या बाईमुळे झाले, तर त्याच्यापुढे परात ठेवा आणि पाणी ओतायला सांगा. चमत्कार खरा असेल, तर तो मोजल्याने मरणार नाही. आणि खोटा असेल, तर तो न मोजल्याने कोणीतरी भाजते. त्या रुमालातल्या आठ ग्रॅमच्या तुकड्याला मी तीन आठवडे हात लावला नाही. तुम्ही तीन दिवसही थांबू नका.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला खेडच्या डॉक्टरांनी मंजुळाबाईंच्या उजव्या हाताची तपासणी केली. अंगठा आणि तर्जनी पूर्ण मिटतात. मधले बोट निम्मे मिटते. उरलेली दोन मिटत नाहीत.